एका ओळीच्या परवानगीसाठी २१ वर्षं?

सीपी/एम. सत्तरच्या दशकात गॅरी किल्डॉलने लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम. तिचा बाजार कधीच उठला. ऑस्बॉर्न, केप्रो ही जुनी यंत्रं जीव लावून चालती ठेवणारे हौशी लोक सोडले, तर आज तिला विचारतं कोण? पण तिची एक फ्लॉपी मित्राला कॉपी करून द्यायची म्हटलं, की आधी मालक शोधा! किल्डॉलच्या डिजिटल रिसर्च कंपनीकडून १९९१ मध्ये नॉव्हेल, १९९६ मध्ये काल्डेरा, मग लिनिओ. इतके फेरफार सातबाऱ्यावरही होत नाहीत. २००१ मध्ये परवानगी मिळाली, तीही अशा मोघम शब्दांत, की एकाच संकेतस्थळाला दिली की सगळ्यांना, हेच कळेना. ते स्पष्ट व्हायला २०२२ उजाडलं!

डेक कंपनीचे जुने व्हॅक्स संगणक जपणाऱ्यांचे हाल तर बघवत नाहीत. डेक गेली कॉम्पॅककडे, कॉम्पॅक एचपीकडे. त्या संगणकांच्या ओपनव्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमचे हौशी लोकांसाठी परवाने मिळायचे, तेही मुदतीचे. २०२० मध्ये एचपीतून वेगळ्या झालेल्या एचपीईने ती योजनाच गुंडाळली. ओपनव्हीएमएस आता सांभाळणाऱ्या व्हीएसआय कंपनीने स्वतःचे परवाने सुरू केले, पण त्यात व्हॅक्स नाही. मग ती यंत्रं भंगारात घालायची का?

मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये एमएस-डॉसच्या जुन्या आवृत्त्या कुणालाही वापरू-वाटू देणाऱ्या एमआयटी परवान्याखाली खुल्या केल्या. बुडाली का कंपनी? इकडे फ्लॉपीवरचं चुंबकत्व दरवर्षी विरतंय आणि हे हक्कदार कपाटातल्या कागदांवर बसून आहेत. विकत नाही, दुरुस्त करत नाही, वाटूही देत नाही! अरे, लिहा ना एकच ओळ: घ्या, वापरा, वाटा.