‘हुतात्मा’ हा शब्द मी बदलणार नाही

महोदय,

कारगिलच्या युद्धात १९९९ साली कामी आलेल्या आणि सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्याच गावच्या कब्रस्तानात दफन झालेल्या एका तडवी (सातपुड्यातल्या मुस्लिम भिल्ल समाजातल्या) तरुणावर मी गेल्या आठवड्यात लेख लिहिला. त्यावरील आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तिच्यातले एक वाक्य येथे जसेच्या तसे देतो : ‘ज्याचा देह अग्नीला दिलाच नाही त्याला हुतात्मा म्हणणे ही अडाणी चूक आहे, शहीद म्हणा, आणि जरा अभ्यास करून लिहीत जा.’

आपल्या पदरात जे पडायला हवे ते आधी देतो. परमवीरचक्राचे मानकरी अब्दुल हमीद यांचे दफन त्यांच्या गावी झाले, असे मी लिहिले होते. ते चुकीचे आहे. हमीद गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे, परंतु १९६५ च्या सप्टेंबरात ज्या असल उत्तरच्या रणांगणावर ते पडले, तेथेच, पंजाबात, त्यांची कबर आहे. ही चूक आपण दाखवलीत, याबद्दल आभार.

मात्र ‘अडाणी’ हा शब्द आपण कोणासाठी वापरत आहात, याचा क्षणभर तरी विचार करायला हवा होता. मी एकतीस वर्षे मराठी शिकवली. ज्या मुलाविषयी मी लिहिले तो माझ्या वर्गात होता. तो ‘सैनिक’ हा शब्द नेहमी ‘सैनीक’ असा लिहायचा आणि मी त्याच्या वहीत तांबड्या शाईने ती वेलांटी दुरुस्त करायचो. त्याच मुलाला उद्देशून वापरलेल्या एका शब्दासाठी मला आज व्याकरण शिकवले जावे, आणि तेही नाव न लिहिणाऱ्या माणसाकडून, हे मला लागले. ते लपवण्याचे मला कारण दिसत नाही.

आता शब्दाकडे येतो. ‘हु’ या धातूचा अर्थ आहुती देणे. ‘हुत’ म्हणजे अर्पण केलेले, आणि ज्याने स्वतःलाच अर्पण केले तो हुतात्मा. ही आहुती माणूस जिवंतपणी देतो. त्यानंतर त्याच्या देहाला चिता मिळाली की माती, याचा या शब्दाशी काडीचाही संबंध नाही. आपल्या नियमाने सोलापूरचे चार हुतात्मे तीनच उरतील. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात एकाच दिवशी फाशी दिली गेली, आणि तेव्हापासून मराठी माणूस चौघांसाठी हा एकच शब्द वापरत आला आहे. कुर्बान हुसेन यांच्यासाठी वेगळा शब्द काढा, असे सोलापुरात जाऊन सांगण्याची आपली तयारी आहे का? आपली ध्वजसंहितासुद्धा हा भेद करत नाही. शवपेटीवर पांघरलेला तिरंगा थडग्यात उतरवू नये वा चितेत जाळू नये, असे ती दोन्ही संस्कारांना एकत्र धरूनच सांगते. त्या तडवी तरुणाच्या दफनाच्या दिवशी जवानांनी पेटीवरून तो काढला, घडी घातली आणि त्याच्या वडिलांच्या हाती दिला. मग हवेत फैरी झडल्या, आणि मूठमाती द्यायला जी रांग लागली तिच्यात तडवी होते, लेवा पाटील होते, कोळी होते. मीही होतो.

आणि ‘शहीद’ म्हणायचे तर लष्कराच्या अधिकृत परिभाषेत शहीदही नाही आणि हुतात्माही नाही. हे दोन्ही शब्द लोकांचे आहेत. गावातल्या एसटी थांब्याजवळच्या त्या तरुणाच्या स्मृतिस्तंभावर काय कोरायचे हे मी त्याच्या वडिलांना विचारूनच लिहिले होते. ते म्हणाले, ‘सर, गावात जो शब्द चालतो तोच लिहा.’ तो शब्द त्या बापाने निवडलेला आहे, एवढे तरी आपण ध्यानात घ्यावे.

‘कबरीचे एवढे कौतुक कशाला’ असेही आपण विचारले आहे. माझे धाकटे काका १९७१ च्या डिसेंबरात पश्चिम आघाडीवर कामी आले. तेव्हा बहुतेक जवानांचे अंत्यसंस्कार आघाडीवरच उरकले जात. देह सरसकट घरी पाठवण्याची पद्धत कारगिलच्या वेळी रुळली. आमच्या अमळनेरकडच्या घरी आधी तार आली, नंतर एक काळी ट्रंक आणि अस्थींचा कलश आला. अस्थी तापीत सोडल्या. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या घागरी भरल्या जात, तेव्हा काकांच्या नावाची घागर आजीने जिवंत असेपर्यंत भरू दिली नाही. ‘मना आंडोर घर उना नही,’ माझा मुलगा घरी आला नाही, एवढेच ती अहिराणीत म्हणे. ज्याला तिने डोळ्यांनी पाहिले नाही, त्याला पितर मानायला ती तयार नव्हती. त्या तडवी आईला मात्र लेकाचे तोंड पाहता आले. कुठे जाऊन बसायचे हे तिला ठाऊक आहे, आणि ईदला ती तेथे जाऊन बसते. हे ज्याच्या घरात घडलेले नाही त्याने कबरीविषयी बोलताना आवाज जरा खाली ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या कुटुंबासाठी गावाने पुढे काय केले यावर लेखात एकही ओळ नाही, हा आपला आणखी एक आक्षेप. तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. स्तंभाभोवतीच्या गवताचा उल्लेखही आपण केला आहे. त्याविषयी ग्रामपंचायतीला विचारावे. लेख लांबला, हे तर प्रत्येक लेखाला कोणीतरी म्हणतेच.

हमीद यांच्याविषयीचे वाक्य आज सकाळी दुरुस्त केले आहे. लेखाचे शीर्षक मात्र ‘हुतात्मा’ या शब्दासह आहे तसेच राहील.