मजुरीचा विषय निघाला की पोप परके

अमेरिकेतल्या उजव्या विचारांच्या कॅथलिकांची एक गंमत आहे. गर्भपात, संततिनियमन, लग्न यांवर पोप बोलले की विषय संपला, पुढे वाद नाही. तेच पोप मजुरी, नफा, कामगार संघटना यांवर बोलले की ह्यांना एकदम आठवतं, पोप काही अर्थतज्ज्ञ नाहीत!

हे फ्रान्सिस पोपांपासून सुरू झालं असं अनेकांना वाटतं. छे. 1961 मध्ये पोप तेविसावे जॉन यांचं ‘मातेर एत माजिस्त्रा’ हे परिपत्रक, म्हणजे पोपांनी चर्चला उद्देशून लिहिलेलं अधिकृत पत्र, आलं. नावाचा अर्थ ‘माता आणि गुरू’, चर्चचं हे वर्णन. कामगारांना न्याय्य मोबदला, गरीब देशांना मदत, गरजेपुरता सरकारी हस्तक्षेप असा मजकूर. विल्यम बकली हे श्रद्धाळू कॅथलिक, अमेरिकी उजव्यांचे वैचारिक पुढारी. त्यांच्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाने आधी परिपत्रकाला किरकोळ ठरवलं आणि मग एक टोमणा छापला: ‘मातेर सी, माजिस्त्रा नो’. तेव्हा ‘क्युबा सी, कास्त्रो नो’ ही घोषणा गाजत होती, त्या चालीवर. आई म्हणून मान्य, गुरू म्हणून नाही. मूळ कोटी लेखक गॅरी विल्स यांची, जे पुढे बकलींपासून बरेच दूर गेले. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचं ‘अमेरिका’ साप्ताहिक भयंकर चिडलं.

1967 मध्ये पोप सहावे पॉल यांनी गरीब देशांच्या विकासावर लिहिलं, तर ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ला त्यात शिळा मार्क्सवाद गरम करून वाढलेला दिसला. 1984 ची कथा तर औरच. अमेरिकेतले बिशप अर्थव्यवस्थेवर पत्र लिहिताहेत म्हटल्यावर माजी अर्थमंत्री विल्यम सायमन आणि कॅथलिक विचारवंत मायकल नोव्हॅक यांनी आपला गट जमवला आणि बिशपांचा पहिला मसुदा बाहेर पडायच्या काही दिवस आधीच उत्तर छापून मोकळे झाले. प्रश्नपत्रिका फुटल्यासारखं!

आता या उजव्यांच्या बाजूचं जे खरं आहे ते सांगतो. तत्त्व वेगळं आणि ते अमलात आणायचा मार्ग वेगळा, हा भेद चर्चच करतं. 1986 च्या अंतिम पत्रात बिशपांनीच लिहिलं होतं की आमच्या ठोस शिफारशींना तत्त्वांइतकं नैतिक वजन नाही. किमान वेतन किती डॉलर असावं, यावर चांगला कॅथलिक बिशपांशी खुशाल भांडू शकतो.

पण ही पळवाट कुठवर नेणार? पोप तेरावे लिओ यांचं कामगारांच्या प्रश्नावरचं 1891 चं परिपत्रक ‘रेरुम नोवारुम’ काढून बघा. सुरुवातीच्याच पानांत समाजवादाला झोडपलंय, खाजगी मालमत्ता हा माणसाचा नैसर्गिक हक्क म्हटलंय. (आमचे डावे मित्र ही पानं भराभर उलटतात, तेही लिहून ठेवतो.) आणि त्याच पत्रात पुढे मजुरीबद्दल म्हटलंय की मालक-मजुरात राजीखुशीने करार झाला असला, तरी काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचं पोट भरेल इतकी मजुरी हवीच. नाइलाजाने किंवा आणखी वाईट होईल या भीतीने त्याने त्याहून कमी पत्करलं, तर तो बळजबरीचा आणि अन्यायाचा बळी आहे. इथे तत्त्वच सांगितलंय, डॉलर-सेंटचा हिशेब नाही. ‘दोघांनी सही केली ना, मग तिसऱ्याने बोलायचं काम नाही’ या बाजारनिष्ठेच्या मुळावरच हा घाव आहे.

म्हणून मला बकलींचा उद्धटपणा परवडला. पटत नाही, तर पटत नाही म्हणाले. 2015 मध्ये रिपब्लिकन नेते आणि कॅथलिक असलेले जेब बुश यांनीही सरळ सांगितलं की मी आर्थिक धोरण बिशप, कार्डिनल किंवा पोप यांच्याकडून घेत नाही. त्रास होतो तो ‘पोप मुळात आमच्याच बाजूचे आहेत’ म्हणणाऱ्यांचा. 1991 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांचं ‘सेंतेसिमुस आन्नुस’ हे परिपत्रक आलं. त्यातला परिच्छेद 42 वाचण्यासारखा आहे. साम्यवाद कोसळला, आता भांडवलशाही हाच आदर्श का? उद्योग, बाजार, खाजगी मालमत्ता आणि माणसाची सर्जनशीलता असा अर्थ असेल तर हो. पण आर्थिक स्वातंत्र्याला माणसाच्या हिताशी बांधणारी भक्कम कायद्याची चौकट नसेल तर नाही. दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी. उजव्यांनी पहिल्या वाक्याची मिरवणूक काढली, दुसरं घरी ठेवलं.

2009 मध्ये तर कहर. पोप सोळावे बेनेडिक्ट, म्हणजे उजव्यांचे अगदी लाडके, त्यांनी ‘कारितास इन वेरिताते’ या परिपत्रकात संपत्तीचं फेरवाटप, कामगार संघटना आणि जागतिक अधिकारसंस्था यांविषयी लिहिलं. जॉन पॉल यांचे चरित्रकार जॉर्ज वायगल यांनी मग युक्ती काढली: परिपत्रकातला बेनेडिक्ट यांचा खरा विचार सोनेरी पेनाने आणि व्हॅटिकनच्या न्याय-शांती विभागाने घुसवलेला भाग लाल पेनाने अधोरेखित करावा. सही एकाच माणसाची, पण आपल्याला न आवडलेली वाक्यं मात्र कारकुनांची!

2013 मध्ये फ्रान्सिस यांनी श्रीमंतांची संपत्ती आपोआप खाली गरिबांपर्यंत झिरपते या सिद्धान्तावर टीका केली तेव्हा उजवे रेडिओ निवेदक रश लिम्बॉ यांनी ‘शुद्ध मार्क्सवाद’ म्हणून टाकलं. ते कॅथलिक नव्हते, सोडा. होम डेपो या दुकानसाखळीचे सहसंस्थापक केन लँगोन मात्र कॅथलिक. न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कथीड्रलच्या दुरुस्तीसाठी ते निधी गोळा करत होते. त्यांनी टीव्हीवर सांगितलं की लाखो डॉलर देऊ शकणारा एक दाता पोपांच्या विधानांमुळे बिचकलाय. पुढे न्यूयॉर्कचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल डोलन यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये लेख लिहून पोपांची बाजू समजावली.

आपल्याकडे वेगळं आहे असं नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी, म्हणजे तिथली हिरवाई वाचवण्यासाठी, उभे राहिले, तेव्हा ‘फादरांनी मिस्सा करावी, जमिनीच्या भानगडीत पडू नये’ म्हणणारे आपलेच होते.

फ्रान्सिस यांच्याबाबत एक सबब हमखास चालायची: अर्जेंटिनाचा माणूस, त्यांना अमेरिकी भांडवलशाही काय ठाऊक. मे 2025 मध्ये निवडून आलेले पोप चौदावे लिओ अमेरिकेतल्याच शिकागोचे आहेत. नाव हेच का घेतलं, तर ‘रेरुम नोवारुम’वाल्या लिओंसाठी, हे त्यांनी कार्डिनलांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत कंपनीप्रमुख आणि कामगार यांच्या पगारातल्या दरीवर बोलताना अब्जाधीश उद्योजक इलॉन मस्क यांचं नावही घेतलं. ते इंग्रजी बोलतात, तेही शिकागोच्या हेलात. तेव्हा भाषांतरात गफलत झाली, ही सबबसुद्धा गेली.