थर्टी-थर्टीच्या काडतुसांबद्दलच्या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

साहेब, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू वाचला. आमच्या बंदुकांच्या दुकानाला एक स्टार दिलात आणि चार तक्रारी मांडल्यात. अमेरिकेतल्या चिरंजीवांच्या थर्टी-थर्टी या काडतुसाच्या शिकारी रायफलीसाठी प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, ठोका बसला की पेटणारी टोपी) आणि रिकाम्या केस (काडतुसाची पितळी नळकांडी) मागितल्या तर आम्ही सरळ नाही म्हणालो. विस्कॉन्सिनमधल्या त्यांच्या शेजाऱ्याने प्रेमाने घरी भरून दिलेली काडतुसं वापरू नका असं सांगून तुम्हाला घाबरवलं. टोकदार गोळ्या सोडून ‘आजोबांच्या काळातल्या’ बोथट गोळ्या सुचवल्या. आणि ज्याने जन्मात हरीण मारलं नाही त्याने शिकारीचा सल्ला देऊ नये, असंही लिहिलंत. दुकान शोधणारे इतर लोकही हे वाचणार, शिवाय प्रश्न तुमच्या मुलाच्या हाता-डोळ्यांचा आहे, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

पहिली तक्रार थोडक्यात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भागसुद्धा दारूगोळाच धरले जातात. परवान्याशिवाय ते आम्ही कुणालाच देत नाही, कितीही जुनी ओळख असली तरी. देशाबाहेर न्यायचे तर वेगळी परवानगी लागते आणि प्रायमर विमानात कुठल्याही सामानातून चालत नाहीत. ‘एवढीशी डबी तर आहे’ असं तुम्ही म्हणालात, पण ती विमानतळावर बॅगेत सापडली असती तर तुमचं तिकीट राहिलं असतं बाजूला आणि वकील शोधत बसावं लागलं असतं. तिकडच्या कुठल्याही बंदुकीच्या दुकानात या वस्तू मिळतात.

शिकारीचं म्हणाल तर, मी हरीण मारलेलं नाही हे खरं आहे. आपल्या येऊरच्या रानात चितळं आहेत आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची शिकार हा गुन्हा आहे. तो कायदा मला मनापासून मान्य आहे. माझं काम बंदुका विकणं आणि दुरुस्त करणं. फुगलेल्या केस, चिरलेली चेंबरं (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसण्याची जागा), नळीत अडकलेल्या गोळ्या हे सगळं माझ्या टेबलावर येतं. हरणाचा माग कसा काढायचा ते तुम्ही मला विचारलंच नव्हतं. या रायफलीत कोणतं काडतूस घालावं हे विचारलंत, आणि ते मला सांगता येतं.

चिरंजीवांनी घेतलेली रायफल विंचेस्टर ९४ आहे, तुम्ही फोनवर फोटो दाखवलात. जॉन ब्राउनिंगची रचना, १८९४ सालची. पुढच्याच वर्षी तिच्यासाठी थर्टी-थर्टी आलं. बिनधुराच्या दारूसाठी मुद्दाम बनवलेलं, लहान व्यासाच्या गोळीचं अमेरिकेतलं ते पहिलं शिकारी काडतूस. विस्कॉन्सिन, मिशिगनकडच्या दाट झाडीत पांढऱ्या शेपटीचं हरीण बरेचदा शंभर यार्डांच्या आतच समोर येतं, त्यामुळे हलकी, आखूड, खांद्याला झटकन लागणारी ही लिव्हरची, म्हणजे चापाजवळची कडी खाली-वर करून काडतूस चढवायची रायफल आजही तिथे टिकून आहे.

आता बोथट गोळीचं. या रायफलीचं मॅगझिन, म्हणजे जादा काडतुसं ठेवायची जागा, ही नळीच्या खाली बसवलेली दुसरी लांब नळी. तिच्यात काडतुसं आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक लागतात आणि मागच्या काडतुसाच्या गोळीचं नाक पुढच्याच्या प्रायमरला टेकून राहतं. बार उडाला की धक्क्याने ती अख्खी रांग हादरते. नाक टणक आणि टोकदार असेल तर ते प्रायमरवर फायरिंग पिनसारखं, म्हणजे बंदुकीतल्या ठोका देणाऱ्या सुईसारखं बसू शकतं. मग काडतूस चेंबरमध्ये न उडता मॅगझिनमध्ये उडतं, म्हणजे नेमकं डाव्या तळहाताखाली. सपाट नाकाची गोळी याच कारणासाठी घडवली गेली आणि हे कारण आजही तसंच आहे.

‘मुलाचे मित्र त्याच काडतुसात टोकदार गोळ्या वापरतात’ असं तुम्ही लिहिलंत. वापरत असतील. थर्टी-थर्टी काही फक्त लिव्हरच्या रायफलीतच येत नाही. सॅव्हेज ३४० ही बोल्टची (खिट्टीसारखा दांडा मागे-पुढे करून भरायची) रायफल याच काडतुसात यायची आणि तिचं मॅगझिन पेटीचं, तिथे नाक आणि प्रायमर समोरासमोर येतच नाहीत. काही जण ९४ मध्येसुद्धा एक काडतूस चेंबरमध्ये आणि फक्त एकच मॅगझिनमध्ये ठेवून भागवतात. पण थंडीत बोटं बधिर झालेली, समोर हरीण, अशा वेळी नव्या माणसाने हा हिशेब डोक्यात ठेवायचा, हे मला पटत नाही. टोकदारच हवी असेल तर हॉर्नडीची मऊ, दबणाऱ्या टोकाची लिव्हररिव्होल्यूशन मिळते, ती नळीच्या मॅगझिनसाठीच बनवलेली आहे. हे मी तुम्हाला दुकानातही सांगितलं होतं.

तुमच्या रिव्ह्यूत आणखी एक वाक्य आहे, की थ्री-नॉट-एटची (.३०८ या जास्त वेगाच्या दुसऱ्या रायफल काडतुसाची) गोळी याच व्यासाची असते, मग ती का नको. व्यास सारखाच आहे, दोन्हींच्या गोळ्या ०.३०८ इंची. फरक वेगाचा. थर्टी-थर्टीची १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीचं आणि दारूचं वजन मोजायचं माप) गोळी सेकंदाला सुमारे २३९० फुटांनी सुटते आणि १७० ग्रेनची सुमारे २२०० फुटांनी. हे आकडे कारखान्याच्या लांब चाचणी-नळीचे आहेत, वीस इंची नळीच्या कार्बाइनमध्ये, म्हणजे आखूड रायफलीत, थोडे कमीच पडतात. थ्री-नॉट-एट १५० ग्रेनच्या गोळीला २८०० च्या आसपास ढकलतं आणि त्याच्या बऱ्याच गोळ्यांचं आवरण त्याच वेगाला उमलेल, म्हणजे लागल्यावर फुलून रुंद होईल, असं बनवतात. तसली गोळी थर्टी-थर्टीच्या वेगाने लागली तर न उमलता आरपार जाऊ शकते. हरीण तिथे पडत नाही. जखम घेऊन धावतं आणि झाडीत कुठेतरी तासन् तास तडफडतं. मारायचंच असेल तर त्या जनावराला एवढी यातना होऊ नये, ही जबाबदारी चाप ओढणाऱ्याची आहे. रेमिंग्टनची कोअर-लोक्ट काय किंवा विंचेस्टर, फेडरलची साधी सॉफ्ट पॉइंट (उघड्या मऊ शिशाच्या नाकाची गोळी) काय, थर्टी-थर्टीच्या खोक्यात येणाऱ्या गोळ्या याच वेगाला उमलायला बनवलेल्या असतात. शिसं नको असेल तर सपाट नाकाची पूर्ण तांब्याची गोळीही मिळते.

१५० की १७०? शंभर यार्डांच्या आत हरणाला दोन्ही पुरतात. १७० थोडी खोल जाते, १५० थोडी सरळ. शंभर यार्डांवर नेम जुळवला की दोनशेला गोळी सात-आठ इंच खाली येते, म्हणून दीडशेच्या पलीकडे नवख्याने मोह टाळावा. खरा निकाल त्यांच्या रायफलीनेच द्यायचा. दोन-तीन कंपन्यांचे खोके घ्यावेत, टेकूवर रायफल ठेवून कागदावर मारावेत, मधे नळी गार होऊ द्यावी. जो खोका लहान वर्तुळात बसेल त्याच लॉटची काडतुसं हंगामापुरती घेऊन ठेवावीत. महागातली महाग गोळी एखाद्या रायफलीला अजिबात मानवत नाही आणि साधी मानवते, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

आता त्या शेजाऱ्याच्या डब्याबद्दल, कारण मला खरी काळजी त्याचीच आहे. तुम्ही दाखवलेल्या फोटोत प्लास्टिकचा डबा होता आणि झाकणावर मार्करने एवढंच लिहिलेलं, ‘१७० हॉट’. दारू कुठली, किती ग्रेन, प्रायमर कोणता, केस कितव्यांदा भरलेली, कधी भरली, यातलं काहीच नाही. शेजारी अनुभवी असतील, सज्जन असतील. पण त्यांनी भरलं ते त्यांच्या रायफलीसाठी. थर्टी-थर्टीची दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला ४२ हजार पौंड आहे, थ्री-नॉट-एटची ६२ हजार. ९४ चा बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा तुकडा, मागच्या बाजूने अडकतो, त्यामुळे प्रत्येक बाराला केस थोडी लांबते. जास्त दाबाने ती वारंवार लांबली की बुडाच्या वरच्या भागात पितळ पातळ होतं आणि एके दिवशी केस तिथूनच तुटते. बाहेरून फार तर एक फिकट चकचकीत वळं दिसतं, पुष्कळदा तेही नाही. आमच्याकडे एका बारीक तारेचं टोक काटकोनात वाकवून ठेवलंय. ती केसच्या तोंडातून आत घालून भिंतीला घासत बुडाकडे नेली की पातळ झालेल्या जागी टोक खट्‌कन खाचेत अडकतं. भरलेल्या काडतुसात मात्र तार घालता येत नाही, म्हणून दुसऱ्याने भरलेलं काडतूस तपासण्याचा उपायच माझ्याकडे नाही. ती काडतुसं चिरंजीवांनी उडवू नयेत, या मतावर मी ठाम आहे. शेजाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून गोळी उपसून केस परत देता येतील.

हँडलोडला, म्हणजे घरी भरलेल्या काडतुसांना, माझा विरोध आहे असं तुमच्या लिहिण्यावरून कुणाला वाटायला नको, तसा तो मुळीच नाही. आपल्याकडे काडतूस बनवायलाच परवाना लागतो, तिकडे लोक घरी भरतात आणि जुन्या रायफलीकडून उत्तम काम करून घेतात. चिरंजीवांनी पहिला हंगाम कारखान्याच्या काडतुसांवर काढावा, त्यांच्याच रिकाम्या केस जमवाव्यात आणि मग शिकावं. काडतूस भरण्याच्या पुस्तकात छापलेल्या दारूच्या किमान मापापासून सुरुवात करायची, कमाल मापापासून कधीच नाही. लिव्हरला बोल्टइतका जोर नसतो, म्हणून केस पूर्ण लांबीने साइझ करायची, म्हणजे साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, नाहीतर काडतूस अर्ध्यात अडतं. प्रायमर बुडाच्या पातळीत किंवा किंचित आत बसलेला हवा, वर आलेला प्रायमर नळीच्या मॅगझिनमध्ये सगळ्यात वाईट. आणि केसचं तोंड गोळीवरच्या खाचेत घट्ट क्रिम्प करायचं, म्हणजे आत दाबून आवळायचं. नाहीतर मॅगझिनच्या स्प्रिंगने आणि धक्क्याने गोळी केसमध्ये मागे सरकते, आतली जागा कमी होते आणि नेहमीच्याच मापाचा दाब एकदम चढतो. ‘हॉट’ भरून थोडाफार वेग मिळेल, पण साठ यार्डांवरच्या हरणाला त्याने काही फरक पडत नाही.

तुम्ही आलात त्या दिवशी आचारसंहितेमुळे शस्त्रं जमा करणाऱ्यांची रांग होती, म्हणून इतकं सगळं उभ्या उभ्या बोलता आलं नाही. स्टार तुम्हाला योग्य वाटतील तेवढे ठेवा. चिरंजीवांशी मात्र मला बोलायचं आहे. संध्याकाळी सातनंतर दुकानात या, तिकडे तेव्हा सकाळ असते, तुमच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावू. रायफल पूर्ण रिकामी करून नळीवरचा शिक्का कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. ‘३० डब्ल्यू.सी.एफ.’ असं असेल तर ते थर्टी-थर्टीचंच जुनं नाव. पण ९४ ही .३२ विंचेस्टर स्पेशलमध्येही यायची आणि दोन्ही काडतुसं दिसायला जवळजवळ सारखी असतात, म्हणून शिक्का वाचल्याशिवाय त्यांनी एकही खोका विकत घेऊ नये.