हात वर होतोय की!

आत्ताच कोल्हापुरातल्या बावड्याच्या कोर्टातनं आलोय. डोकं तापलंय, त्यामुळं कुठं शब्द जास्त झाला तर सांभाळून घ्या.

दादाच्या अपघाताच्या दाव्यात आज उलटतपास होता. विमा कंपनीचे वकील म्हणाले, "उजवा हात वर करा." दादानं केला. "म्हणजे हात वर होतोय की!" झालं. तेवढंच टाईप झालं.

अहो, होतोय की वर! त्याला काय मोर्चात घोषणा द्यायच्यात? उद्यमनगरात 22 वर्षं लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, चालवलाय त्यानं. बारीक माप घ्यायचं मायक्रोमीटर असतं, त्याच्या टोकाचं रॅचेट चिमटीत धरून फिरवायचं, टकटक वाजलं की माप वाचायचं. ती चिमूटच आता बसत नाही. शर्टाचं वरचं बटण वहिनी लावते. आज कोर्टात जाताना पण तिनंच लावलं. हे कोण टाईप करणार?

रात्रीची वेळ, गोकुळ शिरगावच्या अलीकडं हायवेवर ट्रक उभा. मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, निदान चार दगड तरी लावायचे, तेही नाहीत. दादाची कार मागनं घुसली. आता "मागनं धडकला म्हणजे चूक त्याचीच" म्हणणारे येतीलच. असंल थोडी. स्पीड जरा जास्त होता, तो स्वतःच सांगतो. पण अंधारात ट्रक सोडून चहाला जाणाऱ्याचं काय? तो मालक एका तारखेला फिरकलेला नाही.

सर्टिफिकेटवर अपंगत्व 35 टक्के. त्यावरनं कंपनीचा हिशोब असा: महिना 18,000, म्हणजे वर्षाचे 2,16,000, वय 43 म्हणून गुणक 14 (वयावरनं ठरतो, तेवढ्या पटीत वर्षाची कमाई धरायची), झाले 30,24,000. त्याचे 35 टक्के, 10,58,400. त्यातनं परत "तुमची पण चूक" म्हणून कापायचे. म्हणजे दादा आता 35 टक्के कमी लेथ चालवतो, असंच ना? अरे, तो शून्य चालवतो!

आणि हे मी मनचं सांगत नाही. 2010 ला राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय, शरीराचे टक्के वेगळे आणि कमाईचे टक्के वेगळे. हात गेलेल्या कारकुनाची नोकरी टिकंल, सुताराचं सगळंच जाईल. आमचे वकील तो निकाल कोर्टाला दाखवणार आहेत. खोटे दावेही लोक टाकतात, तेही ठाऊक आहे मला, म्हणून कंपनीनं तपासावंच. पण हात वर करायला लावून?

सगळ्यात राग कशाचा आला सांगू? बाहेर आल्यावर ते वकील म्हणाले, "राग मानू नका, आमचं कामच ते." आणि आमचा दादा हसून म्हणतोय, "नाही ओ साहेब, त्यात काय!" मी असतो तर... जाऊ दे. चांगला माणूस आहे, त्याला भांडता येत नाही.

लोकांचंही एक असतं, "जीव वाचला हेच नशीब." वाचला हो. वाचलेल्या जिवाला महिन्याला किराणा लागतो.

निकाल विरोधात गेला तर अपील आता इथंच करता येईल. 2025 च्या ऑगस्टपासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय, मुंबईच्या खेपा वाचल्या. तेवढं एक बरं.

येताना दादा म्हणाला, जरा शॉपवर थांबू. आत गेला नाही, गाडीवरच बसून राहिला. आत नवीन पोरगं मशीनला जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, लावून उभं होतं. मिनिटभर ऐकलं आणि बाहेरनंच ओरडला, "टूल गेलंय रे, बदल!" पोरानं मशीन बंद करून बघितलं. धार खरंच गेलेली.

पुढची तारीख दोन महिन्यांनी.