पेकन घ्यायचा तर आधी वय सांगा

‘थंडी सोसणारा पेकन, झोन ५ ते ९.’ पाटीवर एवढंच. (पेकन म्हणजे अक्रोडाच्या कुळातलं, कवचाच्या आत गर असलेल्या फळांचं झाड.) अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, पिओरियातल्या त्या रोपवाटिकेत मी तिथल्या पोराला विचारलं, "जात कुठली?" म्हणाला, "पेकन." म्हटलं, "हो, पण पेकनमध्ये कुठली?" त्यानं पाटी पुन्हा वाचली आणि म्हणाला, "थंडी सोसणारी."

कोकणात कुणी ‘पाऊस सोसणारा आंबा’ म्हणून कलम विकून दाखवावं! हापूस की पायरी ते कळल्याशिवाय गिऱ्हाईक खिशात हात घालणार नाही. इथे झोनचा आकडा सांगितला की सगळे गप्प. तो आकडा सांगतो काय, तर हिवाळ्यातल्या सगळ्यात कडक रात्री पारा सरासरी कुठवर उतरतो. झोन ५ म्हणजे उणे २९ सेल्सियसपर्यंत. २०२३ साली सरकारनं नकाशा नव्यानं काढला आणि जवळजवळ निम्मा देश अर्ध्या झोननं उबदार झाला, त्यामुळे दुकानदारांना आणखीच जोर चढलाय. पण झाड हिवाळ्यात तगलं म्हणजे झालं का? दक्षिणेकडच्या जातींना दव न गोठणारे दोनशेहून जास्त दिवस लागतात. ते आमच्याकडे नाहीत. झाड वाढतं, फळं धरतात, आणि ऑक्टोबरात फोडून बघावं तर आत गर नाही. पाटीवर हे कोण लिहिणार?

शेवटी मागच्या कोपऱ्यात, कंपोस्टच्या पोत्यांआड, नाव असलेल्या दोन कुंड्या सापडल्या. एक मेजर, एक कांझा. दोन घ्याव्याच लागतात. मेजरचे पराग आधी झडतात, कांझाची मादीफुलं आधी उमलतात, आणि वाऱ्यानं मधे पडून दोघांचं जमवायचं. (कांझा ही मेजरचीच संतती आहे, हे आपण कुणाला सांगायचं नाही.) पेकनला पालवी फुटते सगळ्या झाडांच्या शेवटी, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यातही त्या निव्वळ दोन काठ्या होत्या.

रांगेत माझ्या मागे एक आजोबा होते. ढकलगाडीत झेंडूच झेंडू. त्यांनी न विचारता अंगठ्याच्या नखानं माझ्या कांझाची साल खरवडली. खाली ओला हिरवा रंग दिसला.

"जिवंत आहे," ते जरा नाराजीनंच म्हणाले. "काय आहे?"

"पेकन."

"ते जॉर्जियातलं झाड."

"शास्त्रीय नावातच इलिनॉय आहे त्याच्या," मी म्हटलं. जरा चढ्या आवाजात.

"माझ्या मांजराचं नाव सीझर आहे. कलम आहे का?"

मी खोडाच्या बुडाजवळची तिरकी गाठ दाखवली. ते वाकले, गाठीवरून बोट फिरवलं, कण्हत सरळ झाले. "वय काय तुमचं?"

"चोपन्न."

"मूठभर फळं साठी उलटल्यावर. पोतं भरायला सत्तरी." मग थोडं थांबून, "वडील आहेत?"

"नाहीत."

"कितव्या वर्षी गेले?"

"अडुसष्टाव्या."

आजोबांनी बारीक शीळ घातली. "मग पोत्याचं राहू द्या."

रांगेतल्या दोन बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की उठावणं आजच आहे. मी चेहऱ्यावर हसू ठेवलं. आजोबा पुढे सांगत होते, "मी एक्याऐंशीचा. म्हणून झेंडू. यंदा लावला, यंदा फुलला. आणि तुमची फळं खारुताया खाणार, ते वेगळंच."

त्यांना सांगावंसं वाटलं, की पेकनची पहिली गाजलेली कलमं १८४० च्या दशकात लुइझियानातल्या ओक ॲली मळ्यावर झाली, ती करणारा अंत्वान नावाचा गुलाम होता, आणि त्यानं काही स्वतःच्या सत्तरीचा हिशेब घातला नसणार. पुढे त्या जातीचं ‘सेंटेनियल’ असं बारसं झालं, १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात बक्षीसही मिळालं. अंत्वानचं आडनावसुद्धा कुणी लिहून ठेवलं नाही. झाडाची जात लिहीत नाहीत, माळ्याचं नाव लिहीत नाहीत, झोन तेवढा न चुकता छापतात. पण हे सगळं इंग्रजीत, आणि तेही रांगेत, रागावून सांगणं मला जमत नाही.

एव्हाना माझा नंबर आला. काउंटरवरच्या पोरीनं दोन्ही काठ्यांकडे बघितलं, कुंड्यांकडे बघितलंच नाही, आणि बटणं दाबली. "टोमॅटोच्या आधाराच्या काठ्या, दोन. सहा डॉलर."

"अगं पोरी, झाडं आहेत ती!" मागून आजोबा गरजले. "पेकन! महागातली!"

पोरीनं माझ्याकडे बघितलं, रांगेनं माझ्याकडे बघितलं, आणि सहाचे एकशे दहा डॉलर झाले. वर कर. मी सांगणारच होतो. खिशातून पाकीट काढायला वेळ लागतो की नाही माणसाला?