लेग व्हाइसचा पाय कापू नका

जुन्या लोहारी लेग व्हाइसचा पाय कापून तो टेबलाला बसवलेला पाहिला की जीव तुटतो. लेग व्हाइस म्हणजे काम जबड्यांत घट्ट धरणारा, जमिनीपर्यंत पाय असलेला लोहाराचा शिकंजा. हल्ली असे फोटो सारखे समोर येतात. जबडे ग्राइंडरने लख्ख घासलेले, अंगभर काळा स्प्रे आणि खालचा पाय गायब. याला दुरुस्ती म्हणायला माझी तयारी नाही.

अहो, पाय हाच त्या अवजाराचा जीव. टेबलावर बसणारा साधा बेंच व्हाइस बहुधा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. त्यात तापलेली सळई धरून घणाने वाकवत बसलात तर कधी ना कधी तडा जाणारच. लेग व्हाइस घडीव. मागचा जबडा तसाच खाली उतरत पाय होतो आणि जमिनीवरच्या लाकडी ठोकळ्यावर टेकतो. वरून बसलेला घाव पायातून जमिनीत जातो. पाय काढलात की तोच घाव टेबलाच्या बोल्टांवर. बैलगाडीच्या चाकांना धाव चढवणाऱ्या, नांगराचे फाळ ठोकणाऱ्या माणसांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं.

भंगारात असा व्हाइस दिसला तर आधी नाव शोधू नका, बांधणी बघा. गंजलेला भाग वायर ब्रशने हलकेच घासा. लाकडाच्या रेषांसारखे उभे धागे दिसले तर ते जुनं घडीव लोखंड. मग टेबलाला धरणारी पट्टी बघा. जुन्या घडणीत तिला जीभ असते, ती पायातल्या भोकातून आरपार जाते आणि पाचर मारून घट्ट केलेली असते. नंतरच्या व्हाइसमध्ये पायाला वेढा घालणारा यू-आकाराचा पट्टा येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्क्रू पूर्ण बाहेर काढून मागच्या पेटीत, म्हणजे स्क्रू ज्या आटेवाल्या नळीत फिरतो तिच्यात, बॅटरीचा उजेड टाका. फार जुन्या पेटीत आटे कापलेले नसतात. चौकोनी पट्टी वेटोळी करून नळीत घालत आणि पितळेचा डाग देऊन पक्की करत. आट्यांच्या कडेला पिवळसर रेघ दिसते ती त्याचीच. ती रेघ पाहिली की मी बराच वेळ तिथून हलत नाही. इंग्लंडमधल्या डडलीच्या पीटर राइटच्या मालावर ‘पेटंट सॉलिड बॉक्स’ असा ठसा असतो, तो याच फरकासाठी: त्याची पेटी अखंड लोखंडाची, आटे आतच कापलेले. अमेरिकेत क्लीव्हलँडची कोलंबियन हे नाव मोठं. बिननावाचेही पुष्कळ आहेत आणि त्यातले कित्येक उत्तम आहेत.

ही पेटी आधी बघायला सांगतो त्याला कारण आहे. स्क्रू अडकला की लोक गॅसची ज्योत लावून पेटी लालभडक करतात. पितळ साधारण 900 अंश सेल्सिअसला वितळतं. आतली पट्टी सुटली की पेटी गेली. त्यापेक्षा तेल सोडा, दोन दिवस थांबा, हलकी ऊब द्या, मागेपुढे हलवा, परत तेल. जबडेही तापवू नका. त्यांच्या तोंडाला पोलादाची पट्टी जोडलेली असते, तिचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं.

गंजासाठी ग्राइंडर नकोच. प्लास्टिकचं पिंप, पाणी, धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर पुरतो. व्हाइस सोड्याच्या पाण्यात बुडवा. चार्जरचं ऋण टोक व्हाइसला, धन टोक त्याच पाण्यातल्या साध्या लोखंडाच्या तुकड्याला. स्टेनलेस स्टील अजिबात वापरू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे सगळं अंगणात, विडी-सिगारेटपासून लांब. गंज सुटतो आणि ठसे, घणाचे घाव, कडेची तासणी सगळं जागच्या जागी राहतं. ग्राइंडरने नेमकं हेच आधी जातं. मग धुऊन, वाळवून, कोमट असतानाच जवसाचं उकळलेलं तेल चोळा. आट्यांना ग्रीस.

जबडे उघडणारी स्प्रिंग बहुतेक वेळा हरवलेली असते. ट्रकच्या पाट्याच्या तुकड्यातून गावचा लोहार चांगली घडवून देतो. त्याला पुरेसे पैसे द्या, घासाघीस करू नका. जबडे बाजूला सरकलेले असतील तर खालचा बोल्ट आणि त्याची भोकं झिजलीत का पाहा. बहुधा नवा बोल्ट आणि वॉशर एवढ्यावर भागतं. जबडे सगळ्या मापांना समांतर राहत नाहीत म्हणून मात्र घासत बसू नका. पुढचा जबडा खालच्या बोल्टवर फिरतो, तेव्हा तो वर्तुळातच उघडणार. पूर्ण मिटल्यावर वरच्या कडा आधी भेटल्या की व्हाइस ठीक आहे.

पाच इंची जबड्याचा व्हाइस साधारण पंचवीस-तीस किलो भरतो. भंगारवाला तेवढ्याच किलोचे पैसे देतो. कुणाच्या वाड्यात, जुन्या कारखान्यात असा पडून असेल तर विकण्याआधी फोटो टाका. तीन पुरतील: ठशाचा, टेबलाच्या पट्टीचा आणि पेटीच्या आतला, बॅटरी लावून काढलेला.