शाली, मीठ आणि पाऊस : एका प्रतिक्रियेला उत्तर

इजिप्तमधील सिवा या मरुद्यानावरील माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की, १९२६ साली तीन दिवसांच्या पावसात तिथला शालीचा किल्ला विरघळला ही पर्यटकांना ऐकवायची गोष्ट आहे, लोक त्याआधीच किल्ल्याबाहेर राहू लागले होते, आणि 'घरबसल्या वाळवंटावर लिहिणाऱ्यांचे असेच होते'. मतभेदाला माझी हरकत नाही. परंतु मास्तरांनी वहीवर लाल शेरा मारावा तशा सुरात अनोळखी माणसाशी बोलण्याचे कारण मला कळले नाही.

एक चूक मान्य करतो. सिवी भाषेला मी अरबीची बोली म्हटले होते. ती उत्तर आफ्रिकेतील अमाझिग (बर्बर) कुळातील स्वतंत्र भाषा आहे. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता पाऊस. शालीच्या भिंती केर्शेफच्या, म्हणजे खाऱ्या सरोवरांकाठच्या चिखलाच्या आणि मिठाच्या खड्यांच्या आहेत. हे मिश्रण वाळले की मिठाचे स्फटिक भिंतीला दगडासारखे धरून ठेवतात, आणि पाणी लागले की तेच मीठ सुटते. पाऊस जवळजवळ पडतच नाही अशा प्रदेशात ही बांधणी शहाणपणाची होती, पण सलग तीन दिवसांच्या पावसापुढे तिचा निभाव कसा लागावा?

मी सिवाला गेलेलो नाही, हे खरे. परंतु माझे बालपण सोलापूर जिल्ह्यातील माळवदाच्या घरात गेले. आजोबा दर उन्हाळ्यात माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर देत. ते अंथरुणाला खिळले त्या वर्षी श्रावणातल्या झडीत आधी कोपऱ्यातून करड्या पाण्याची बारीक धार लागली, मग भिंतीचा पोपडा भिजलेल्या भाकरीसारखा सुटला, आणि तिसऱ्या रात्री माजघराची भिंत बसली. त्या मातीत तर मीठही नव्हते. तेव्हा ओली भिंत कशी पडते, हे मला शिकवू नये.

लोक आधीच बाहेर पडू लागले होते, म्हणून पावसाने काही पाडले नाही असे ठरत नाही. १८२० मध्ये इजिप्तचा तेव्हाचा शासक मुहम्मद अली याच्या फौजेने सिवा जिंकल्यावर तटाआड राहण्याची निकड कमी झाली, एवढेच. सिवात अडचण पाण्याच्या टंचाईची नसून निचरा होत नाही आणि जमीन खारवते ही आहे, हा आपला उरलेला मुद्दा लेखाचा विषयच नव्हता. त्यावर आपणच सविस्तर लिहावे. घरी बसून लिहिलेत तरी मी वाचेन.